स्क्रीन थांबवणे वेगळे, सेलकडच्या फेऱ्या वाचवणे वेगळे

एक्सेलमधला मॅक्रो (ठरवून दिलेले काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम) रेंगाळू लागला की ‘स्क्रीनअपडेटिंग बंद करा’ आणि ‘डेटा अ‍ॅरेमध्ये (मेमरीतल्या किमतींच्या तक्त्यात) घ्या’ हे दोन सल्ले एकाच दमात दिले जातात, त्यामुळे ते एकाच उपायाचे दोन प्रकार असावेत, असा समज होतो. वास्तविक पहिला उपाय मॅक्रोच्या प्रत्येक हालचालीमागे एक्सेल जे जादा काम करत बसते ते थांबवतो, आणि दुसरा मॅक्रोची काम करण्याची पद्धतच बदलतो.

समजा, विक्रीच्या नोंदींच्या २,००,००० ओळी आहेत, सी कॉलममध्ये नग, डी कॉलममध्ये दर आहे आणि दोहोंचा गुणाकार ई कॉलममध्ये लिहायचा आहे. साधा लूप (एकेक ओळ घेत तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड) दर ओळीला दोन सेल वाचतो आणि एका सेलमध्ये लिहितो. म्हणजे व्हीबीए (मॅक्रो ज्या भाषेत लिहितात ती) आणि शीट यांच्यात ६,००,००० फेऱ्या होतात. गुणाकाराला वेळ लागतच नाही, वेळ जातो तो या फेऱ्यांमध्ये, कारण दर वेळी तो सेल गाठणे, त्यातली किंमत काढून देणे आणि लिहिताना त्या सेलवर अवलंबून असलेल्या फॉर्म्युल्यांची दखल घेणे, हे सगळे एक्सेलला नव्याने करावे लागते.

स्क्रीनअपडेटिंग बंद केल्यावर पडदा पुन्हा पुन्हा रंगवणे थांबते, कॅल्क्युलेशन मॅन्युअल केल्यावर प्रत्येक लेखनानंतरची फेरगणना थांबते आणि एनेबलइव्हेंट्स बंद केल्यावर सेल बदलला की चालणारे प्रोसीजर थांबतात. ज्या वर्कबुकमध्ये फॉर्म्युले खच्चून भरलेले आहेत, तिथे एवढ्यानेही वेग डोळ्यांत भरण्याइतका वाढतो. परंतु सहा लाख फेऱ्या सहा लाखच राहतात, आणि म्हणूनच साध्या आकड्यांच्या शीटवर हे सारे करूनही मॅक्रो मंदच का, हे कोडे अनेकांना उलगडत नाही.

अ‍ॅरे वापरताना सी२ ते डी२००००१ ही संपूर्ण रेंज एका व्हेरिएंटमध्ये (कोणत्याही प्रकारची किंमत मावणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) एकदम वाचली जाते, गुणाकार मेमरीतच होतात आणि उत्तरांचा दुसरा अ‍ॅरे ई कॉलममध्ये एकाच वेळी उतरवला जातो. फेऱ्या होतात फक्त दोन. लेखन एकदाच झाल्यामुळे फेरगणनाही एकदाच होते, म्हणून त्यानंतर वरचे तीन स्विच (स्क्रीनअपडेटिंग, कॅल्क्युलेशन आणि एनेबलइव्हेंट्स) बंद करून मिळणारा फायदा किरकोळ उरतो. माझ्या मते मोठ्या डेटासाठी सुरुवात अ‍ॅरेपासूनच करावी. ओळी मोजणारा व्हेरिएबल मात्र लाँग (मोठे पूर्णांक मावणारा) प्रकारचा असावा, कारण इंटिजर हा छोटा प्रकार ३२,७६७ च्या पुढे जात नाही आणि मॅक्रो ओव्हरफ्लोची (आकडा मावत नसल्याची) एरर देऊन मध्येच थांबतो. रक्कम चलनाच्या स्वरूपात असेल तर सेलची किंमत वाचणारी व्हॅल्यू ही प्रॉपर्टी चार दशांश स्थळांपुढचे आकडे गमावते, तेव्हा वाचताना व्हॅल्यू२ वापरणे बरे.

सेल रंगवणे, शीटच्या प्रती काढणे, एकामागून एक वर्कबुक उघडणे अशा कामांत अ‍ॅरेचा काही उपयोग नाही. तिथे स्विचच कामी येतात.

दोन्हींतले धोकेही निराळे आहेत. मॅक्रो संपल्यावर स्क्रीन आपोआप पूर्ववत होते, पण कॅल्क्युलेशन आणि इव्हेंट्स होत नाहीत. मध्येच एरर आली तर कॅल्क्युलेशन मॅन्युअलच राहते, उघडलेल्या इतर वर्कबुकमध्येही बेरजा जुन्याच दिसत राहतात आणि पाहणाऱ्याला त्या खऱ्या वाटतात. म्हणून ही स्थिती पूर्ववत करणाऱ्या ओळी एरर आली तरी चालतील अशाच ठिकाणी लिहाव्यात. अ‍ॅरेचा धोका लिहिताना असतो: रेंजमधले फॉर्म्युले पुसले जाऊन तिथे नुसत्या किमती उरतात, आणि जनरल स्वरूपाच्या कॉलममध्ये ‘००४७१२’ हा ग्राहक क्रमांक परत लिहिला की ४७१२ होतो, त्यामुळे त्या कॉलमचे स्वरूप अ‍ॅरे उतरवण्यापूर्वीच टेक्स्ट करून ठेवावे लागते.