खाजण

खाजण : खाडीकाठची, भरतीच्या पाण्याखाली जाणारी सखल जमीन बांध घालून लागवडीला आणण्याची गोव्यातील सामूहिक पद्धत, तसेच ती जमीन. कोकणी उच्चार ‘खाजन’. एरवी मराठीत खाडीकाठच्या कुठल्याही खारवट दलदलीला खाजण म्हणतात. गोव्यात मात्र या एका शब्दात बांध, मानस (बांधातले दार), पोय (आतला पाणवठा) आणि ते राखणारा गाव एवढे सगळे येते. मांडवी, जुवारी, शापोरा, साळ या नद्यांच्या खाऱ्या पट्ट्यात मिळून साधारण १७ ते १८ हजार हेक्टर खाजण आहे. त्यातील पुष्कळ जमीन भरतीच्या पातळीच्या खाली असल्याने बांध आहे तोवरच शेत आहे.

बांध चिखलाचा, पेंढा कालवून थापलेला. लाटांचा मार बसतो तिथे त्याला जांभ्या दगडाचे अस्तर. बाहेरच्या अंगाला कांदळवन राखतात, कारण लाटेचा जोर पहिल्यांदा तिथे मोडतो. बांधाचे नुकसान पुष्कळदा खेकड्यापासून सुरू होते. त्याच्या बोटभर बिळातून भरतीला पाणी झिरपू लागते. वेळीच दिसले तर चार ओंजळी चिखलाने भागते. नाही दिसले, तर पाण्याबरोबर माती सुटत जाते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भगदाड पडते. म्हणून बांधावरून रोज कोणीतरी चालत जाणे हेच या पद्धतीतले सर्वांत मोठे काम आहे.

मानस (मानशी) म्हणजे बांधातले दार. जांभ्याच्या चौकटीत वरच्या बाजूने टांगलेली लाकडी फळी, इतकीच तिची रचना. भरती चढली की बाहेरचे पाणी तिला दाबून बंद करते. ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. आतल्या बाजूला पोय असते. हा खोलगट पाणवठा शेतातले जादा पाणी पोटात घेतो आणि मासळी, कोळंबी, खेकडे यांना आसरा देतो. ओहोटीच्या वेळी मानशीला जाळे लावले की पाण्याबरोबर निघालेली मासळी त्यात सापडते.

शेती पावसावर अवलंबून. जूनच्या सरींनी जमिनीतले मीठ धुऊन जाईपर्यंत पेरणी होत नाही. मग कोरगुट, आसगो अशी मीठ सोसणारी, उंच वाढणारी भाताची देशी वाणे घेतात. कापणीनंतर बेताने खारे पाणी आत घेता येते. म्हणजे एकाच जागी पावसाळ्यात भात आणि पुढे मासळी. दार कधी उघडायचे आणि किती उघडायचे, यावर दोन्हींचे भले अवलंबून असल्यामुळे तो निर्णय कोणा एकाच्या हाती राहू शकत नव्हता.

हा निर्णय गावकरी या ग्रामसंस्थेकडे असे. गावकरीचे रीतिरिवाज अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १५२६ मध्ये फोराल नावाच्या सनदेत नोंदवले, त्यावरून ही व्यवस्था पोर्तुगीजांच्या आधीची हे स्पष्टच आहे. पुढे पोर्तुगीज अमलात याच गावकरीची कोमुनिदाद झाली. बांध राखणाऱ्यांच्या मंडळाला बौस म्हणत. मानशीतल्या मासेमारीची दरवर्षी पावणी (लिलाव) होई आणि तो पैसा बांधाला लागे. मासळीने भात राखावा, अशी ही सोय होती. खाजणातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट मला हीच वाटते.

गोवामुक्तीनंतर १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले. ते न्याय्यच होते. बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. पण शेती परवडेनाशी झाली, घरची मुले नोकरीला लागली, आणि बांधावरून चालणारी माणसे कमी झाली. दुसरीकडे मासळीला भातापेक्षा जास्त पैसा मिळू लागला. त्यामुळे अवेळी मानस उघडी ठेवल्याच्या, क्वचित बांध मुद्दाम फोडल्याच्या तक्रारी गावोगावी ऐकू येतात. खनिज वाहून नेणाऱ्या बार्जांच्या लाटांनीही मांडवी-जुवारीचे बांध खचवले आहेत.

२०११ च्या किनारपट्टी नियमन क्षेत्र अधिसूचनेने गोव्यातील खाजण जमिनींचे नकाशे व व्यवस्थापन आराखडे करण्यास सांगून तेथे विकासकामांना मनाई केली. मात्र बांध फुटून पडीक राहिलेल्या शेतात काही वर्षांत कांदळ उगवते, आणि त्या कांदळालाही कायद्याचे संरक्षण असते. बांधाबाहेर खाजण राखणारे हेच झाड आत आले की शेतकऱ्याची वाट अडवते. जमीन परत लागवडीला आणायची तर आधी त्याचा प्रश्न सोडवावा लागतो.

कोकणात रायगड जिल्ह्यातील खारभूमी याच जातीची. तिथे मानशीला उघाडी म्हणतात आणि बांध राखणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाला जोळ. महाराष्ट्रात हे काम १९७९ च्या खारजमीन विकास अधिनियमाखाली शासनाकडे आहे.