रिओचा ख्रिस्त फ्रान्सने भेट दिला? नाही हो!

रिओ दि जानेरोला जाऊन आलेले लोक हमखास सांगतात, “कोर्कोवादो डोंगरावरचा तो येशूचा पुतळा फ्रान्सने ब्राझीलला भेट दिला.” न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीची गोष्ट इथे चिकटली असावी. ती भेट खरी, ही नाही.

हा पुतळा ब्राझीलच्या कॅथलिक भाविकांनी वर्गणी काढून उभारला. आराखडा ब्राझिलियन अभियंता एतोर द सिल्वा कोस्ता यांचा. मग फ्रान्स आला कुठून? शिल्पकार पॉल लांदोव्स्की पॅरिसचे. हात आणि डोक्याचे साचे त्यांनी तिथे घडवले, ते तुकड्यातुकड्यांनी जहाजाने रिओत आले. पण ते कामाचे पैसे घेऊन केलेले काम होते, नजराणा नव्हे. चेहऱ्याचे काम तर गेओर्गे लेओनिदा या रुमानियन शिल्पकाराचे!

अंगावरचा दगडही स्थानिकच. आत सिमेंट काँक्रीट आणि वर सोपस्टोन या मऊ दगडाच्या हजारो छोट्या त्रिकोणी तुकड्यांचे आवरण. हे तुकडे कापडाच्या पट्ट्यांवर चिकटवायला रिओतल्या बायका स्वेच्छेने बसल्या आणि कित्येकींनी मागच्या बाजूला आपल्या माणसांची नावे लिहून ठेवली. मला पुतळ्याच्या 30 मीटर उंचीपेक्षा ही न दिसणारी नावे जास्त भावतात. उद्घाटन 12 ऑक्टोबर 1931 रोजी झाले.

वर जायला रिओतल्या कोस्मे वेल्यो भागातून छोटी रेल्वे आहे. ती 1884 पासूनची, म्हणजे पुतळ्याहून जुनी. बांधकामाचे सामानही तिनेच वाहिले. तिकीट आधी काढा आणि निघण्यापूर्वी डोंगराकडे एकदा पाहा. ढग उतरले असतील तर वर नुसते पांढरे धुके दिसेल.