चाकणचा कंटेनर सिंगापूरला का उतरतो?

चाकण-तळेगाव पट्ट्यातून आग्नेय आशियाकडे निघालेला सुट्या भागांचा कंटेनर बोरघाट उतरून न्हावाशेव्याला जहाजावर चढतो आणि अनेकदा सिंगापूरला उतरवला जातो. तिथे त्याला गिऱ्हाईक नसतं; पुढच्या जहाजाची वाट बघत तो यार्डात पडून राहतो. सिंगापूर बंदराचा मुख्य धंदा हाच. तिथले ८० टक्क्यांहून जास्त कंटेनर फक्त जहाज बदलायला येतात.

याची मुळं १८१९ मध्ये आहेत. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी रॅफल्स याने मलाक्का सामुद्रधुनीच्या तोंडावर ठाणं मांडलं आणि मालावर जकात घ्यायची नाही, असं ठरवलं. आसपासच्या डच बंदरांत करांचा जाच असल्याने व्यापारी इकडे वळले. १९६५ मध्ये मलेशियापासून वेगळं झाल्यावर मात्र या शहराला माल पुरवणारा स्वतःचा मुलूखच उरला नाही. १९७१ मध्ये ब्रिटिश लष्करी तळही आवरले गेले. त्यांच्यावर अर्थव्यवस्थेचा सुमारे पाचवा हिस्सा चालत होता. अशा वेळी, कंटेनर अजून नवलाईचा असताना, तांजोंग पागरला त्यासाठी वेगळं टर्मिनल उभारलं गेलं. जून १९७२ मध्ये तिथे पहिलं कंटेनर जहाज लागलं. हा जुगारच होता.

२०२४ मध्ये या बंदराने ४ कोटी ११ लाख टीईयू (वीस फुटी कंटेनर हे माप) हाताळले. न्हावाशेवा तेव्हा ७० लाखांच्या आसपास होतं. पण ही तुलना फसवी आहे. जहाज बदलणारा कंटेनर दोनदा मोजला जातो, उतरताना एकदा आणि चढताना एकदा. न्हावाशेव्याचा बहुतेक माल आपल्याच मुलुखातला, म्हणून एकदाच मोजला जाणारा. शिवाय सिंगापूरची कमाई क्रेनपुरती नाही: जहाजांना इंधन विकण्यात ते जगात पहिलं, वर्षाला ५ कोटी टनांच्या वर. दुरुस्ती, विमा आणि सागरी लवाद हे वेगळंच.

परक्या मालावर जगण्यातला धोका २००० मध्ये दिसला. मर्स्क ही जहाज कंपनी शेजारच्या मलेशियातल्या तांजुंग पेलेपासला गेली, दोन वर्षांनी एव्हरग्रीनही. मुलूख असलेल्या बंदराला असा फटका सहसा बसत नाही. माल तिथेच पिकतो. सिंगापूर बंदर चालवणाऱ्या पीएसए कंपनीने परदेशांत टर्मिनलं घ्यायला सुरुवात केली होतीच. न्हावाशेव्याचं चौथं टर्मिनल आज तीच चालवते.

२०२४ च्या मध्यात दुखणं वेगळं होतं. तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालणारी जहाजं वेळापत्रक मोडून एकदम येऊन धडकली. यार्ड भरलं की थप्पीतला खालचा कंटेनर काढायला वरचे हलवावे लागतात, क्रेनचा वेळ जातो, पुढचं जहाज चुकतं आणि माल 'रोल' होतो, म्हणजे पुढच्या फेरीवर ढकलला जातो. त्यामुळे बुकिंग करताना फॉरवर्डरकडून, म्हणजे माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्याकडून, फक्त न्हावाशेव्याच्या जहाजाचं नाव घेऊन भागत नाही. सिंगापूरहून निघणाऱ्या दुसऱ्या जहाजाचं नाव, त्याची तारीख आणि दोन्हींमधलं अंतर विचारावं. ते दोन-तीन दिवसांचंच असेल, तर थेट सेवेचं भाडं जास्त असलं तरी एकदा हिशेब करून पाहावा. समोरच्या कारखान्यात जोडणीची लाइन थांबली तर दंड त्याहून मोठा येतो.