माथारे यूथ स्पोर्ट्स असोसिएशन (मायसा)

केन्याची राजधानी नैरोबी येथील माथारे या झोपडवस्तीत १९८७ साली सुरू झालेली, फुटबॉल, परिसराची सफाई आणि शालेय शिक्षण यांची सांगड घालणारी मुलांची संघटना. खेळाच्या आधारे वंचित मुलांच्या विकासाचे जे प्रयत्न आफ्रिकेत झाले, त्यांतील हा सर्वांत जुन्या आणि सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या प्रयत्नांपैकी एक होय.

माथारे नदीच्या खोऱ्यात दाटीने वसलेल्या या वस्तीत पत्र्याची आणि मातीची घरे, उघडी गटारे व न उचललेल्या कचऱ्याचे ढीग हे नित्याचे दृश्य होते. प्लास्टिकच्या पिशव्या दोरीने आवळून केलेल्या चेंडूने मुले तेथेच फुटबॉल खेळत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरणविषयक कामानिमित्त नैरोबीत राहणारे कॅनडाचे बॉब मन्रो यांनी या मुलांसाठी सामने भरवण्याचे मान्य केले, पण मुलांनीही वस्तीसाठी काही केले पाहिजे, अशी अट घातली. या अटीतूनच लीगचा नियम तयार झाला. सामना जिंकल्यास संघाला ३ गुण मिळतात, तर नेमून दिलेली सफाई पूर्ण केल्यास ६ गुण मिळतात; त्यामुळे मैदानावर सरस ठरलेला संघही गटारे उपसण्याची टाळाटाळ करून तक्त्यात वर राहू शकत नाही. घाण व साचलेले पाणी हेच वस्तीतील लहान मुलांच्या आजारांचे मोठे कारण असल्याने या नियमाचा लाभ न खेळणाऱ्यांपर्यंतही पोहोचतो.

शिक्षणाची जोड हा मायसाच्या कार्यपद्धतीचा सर्वांत विचारपूर्वक घडवलेला भाग म्हणावा लागेल. केन्यात सरकारी प्राथमिक शाळांची फी २००३ मध्ये रद्द झाली, परंतु माध्यमिक शिक्षणाचा खर्च गरीब घरांना पेलवत नसे आणि हुशार मुलांचीही शाळा तेथेच सुटे. मायसाने यावर नेतृत्व पुरस्कार योजना काढली. लहान मुलांना प्रशिक्षण देणे, सामन्यांत पंच म्हणून काम करणे, सफाईच्या फेऱ्यांचे नियोजन करणे, एचआयव्ही-एड्सविषयी समवयस्कांना माहिती देणे अशा कामांचे गुण मुलांच्या नावावर जमा होतात आणि अधिक गुण मिळवणाऱ्यांच्या शिक्षणाची फी थेट शाळेकडे भरली जाते. खेळातील कौशल्यापेक्षा येथे सेवेला मोल आहे, म्हणून संघात निवड न होणाऱ्या मुलालाही शिक्षणाचा मार्ग खुला राहतो. फी ही मदत म्हणून हाती न पडता कामाने मिळवलेली असते, आणि ती मिळवणाऱ्याचा वस्तीतील मान त्यामुळे वाढतो.

मुलींसाठी स्वतंत्र फुटबॉल १९९२ च्या सुमारास सुरू झाले. ते मुलांच्या लीगपेक्षा अवघड होते. पाणी भरणे, स्वयंपाक आणि धाकट्या भावंडांचा सांभाळ मुलींवरच असल्याने आया त्यांना मैदानावर पाठवायला राजी नसत, आणि अंधार पडल्यानंतर घरी परतण्याची भीती खरीच होती. कार्यकर्त्यांना घरोघर जाऊन पालकांची संमती मिळवावी लागली. सामन्यांच्या वेळा घरकाम व दिवसाउजेडी परतणे लक्षात घेऊन ठरवाव्या लागल्या. काही मुली कडेवर भावंड घेऊनच मैदानावर येत.

संघटनेचा कारभार बहुतांशी किशोरवयीन निवडून आलेल्या प्रतिनिधींकडे असतो. वस्तीचे विभाग पाडलेले असून वेळापत्रके, शिस्तीचे नियम व तक्रारींचा निवाडा मुलेच करतात. पंचाशी केवळ कर्णधारानेच बोलावे असा नियम आहे आणि सर्वांत खिलाडूवृत्तीने खेळणाऱ्यास हिरवे कार्ड दिले जाते.

मायसातील खेळाडूंतून १९९४ मध्ये माथारे युनायटेड हा क्लब उभा राहिला. त्याने २००८ साली केन्याची प्रीमियर लीग जिंकली. मायसातच वाढलेले फ्रान्सिस किमान्झी पुढे राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा 'ग्लोबल ५००' आणि २००४ मध्ये लॉरियस 'स्पोर्ट फॉर गुड' हे सन्मान संघटनेला मिळाले. उत्तर-पश्चिम केन्यातील काकुमा निर्वासित छावणीतही १९९९ पासून हीच पद्धत वापरण्यात आली.

या कामाला मर्यादाही आहेत. नेतृत्व पुरस्कार गरजू मुलांच्या संख्येच्या मानाने फारच थोडे असतात. दीर्घकाळ नॉर्वेसह परदेशी देणगीदारांवर अवलंबून राहावे लागल्याने त्यांचे प्राधान्य बदलले की येथील उपक्रमांना झळ बसते. घरांची मालकी, सांडपाण्याच्या वाहिन्या आणि नियमित कचरा उचलणे ही नगरपालिकेची व सरकारची कामे आहेत, आणि मुलांच्या सफाईने ती जबाबदारी त्यांच्यावरून उतरत नाही.