टॅमॉक्सिफेन आणि लेट्रोझोल : एकीला ही, दुसरीला ती का?

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन, किमो, रेडिएशन आटोपलं की अनेकींना पुढची पाच ते दहा वर्षं रोज एक गोळी घ्यावी लागते. कुणाला टॅमॉक्सिफेन, कुणाला लेट्रोझोल. दोन्हींना सरसकट ‘हार्मोनची गोळी’ म्हणतात, पण हार्मोन दोन्हींत नसतं. उलट दोन्ही त्याच्या विरोधात काम करतात.

स्तनाच्या कर्करोगाच्या बहुतेक गाठींच्या पेशींत इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे ते चिकटण्याच्या जागा, असतात. रिपोर्टमधलं ‘ईआर पॉझिटिव्ह’ ते हेच. इस्ट्रोजेन रिसेप्टरला चिकटलं की पेशीविभाजनाची जनुकं चालू होतात आणि गाठ वाढते. इस्ट्रोजेन बनवणारे बीजांडकोश काढल्यावर काही रुग्णांच्या गाठी आक्रसतात, हे जॉर्ज बीटसन या स्कॉटिश सर्जननं १८९६ मध्येच मांडलं होतं. तेव्हा इस्ट्रोजेन कुणाला माहीतही नव्हतं!

टॅमॉक्सिफेन रिसेप्टरवरची जागा अडवतं. रक्तात इस्ट्रोजेन असलं तरी त्याला चिकटायला जागा उरत नाही, म्हणून पाळी चालू असो वा बंद, ते चालतं. गंमत अशी की स्तनात इस्ट्रोजेनला रोखणारं हे औषध गर्भाशयाच्या अस्तरावर मात्र इस्ट्रोजेनसारखंच वागतं. त्यामुळे पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. रक्ताच्या गुठळ्यांचा धोकाही थोडा वाढतो.

लेट्रोझोल रिसेप्टरला हातच लावत नाही. पाळी गेल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीसारख्या ऊतींमध्ये, अरोमाटेज या एन्झाइममुळे तयार होतं. लेट्रोझोल ते एन्झाइम बंद पाडतं. इस्ट्रोजेन जवळजवळ संपतं, आणि त्याचा फटका हाडांना बसतो : सांधे धरतात, हाडं ठिसूळ होतात. म्हणून हाडांची घनता तपासत राहतात.

पाळी चालू असताना नुसतं लेट्रोझोल का देत नाहीत? इस्ट्रोजेन कमी झालं की मेंदू बीजांडकोशाला आणखी जोरानं कामाला लावतो. वंध्यत्वावरच्या उपचारात लेट्रोझोल वापरतात ते याच गुणामुळे. तरुण रुग्णाला ते द्यायचंच असेल तर बीजांडकोश शांत ठेवणारं इंजेक्शन सोबत लागतं. इथे एक फसवी जागा आहे. किमोमुळे थांबलेली पाळी म्हणजे कायमची गेलेली पाळी नव्हे. बीजांडकोश काही महिन्यांनी पुन्हा जागे होऊ शकतात, म्हणून गोळी बदलण्याआधी रक्तातल्या हार्मोनची पातळी बघतात, आणि कधी कधी एकदा बघून भागत नाही.