व्हायकिंगांच्या हेल्मेटला शिंगं नव्हती

'व्हायकिंग लढवय्ये शिंगांचं हेल्मेट घालून लढायचे' हे कितीतरी वर्षं फिरतंय. व्हायकिंग म्हणजे नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडनकडचे जुने दर्यावर्दी लोक. ड्रॅगनवर बसून उडणाऱ्या व्हायकिंग पोराच्या गोष्टी बघणाऱ्या मुलांना तर ते खरंच वाटणार, चित्रात शिंगं असतातच ना. पण लढाईत असं हेल्मेट वापरल्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही.

1943 मध्ये नॉर्वेत येर्मुंडबूला दहाव्या शतकातलं लोखंडी हेल्मेट सापडलं, तुकड्यांत होतं पण जोडता आलं. वर गोल टोपी, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी, शिंगांचा पत्ताच नाही. आणि विचार करा, तलवारीचा वार गोल टोपीवरून घसरतो, शिंगात मात्र अडकतो, मग लढणारा माणूस असलं काही डोक्यावर कशाला घेईल?

मग शिंगं आली कुठून? 1942 साली डेन्मार्कच्या दलदलीत शिंगांची दोन काशाची शिरस्त्राणं खरंच सापडली, पण ती इ.स.पू. 900 च्या आसपासची, म्हणजे व्हायकिंगांच्या दीड हजारांहून जास्त वर्षं आधीची. व्हायकिंग काळातल्या काही चित्रांत शिंगवाल्या आकृती दिसतात, पण त्या धार्मिक विधीतल्या मानल्या जातात. हे चित्र लोकांच्या मनात पक्कं बसलं ते 1876 च्या एका जर्मन ऑपेराच्या कपडेपटामुळे.

ड्रॅगनचं मात्र खरंय हं, जहाजांवर ड्रॅगनची मुंडकी कोरलेली असायची.

पुढच्या वेळी शिंगवाल्या हेल्मेटचा फोटो आला की खाली काळ बघा. व्हायकिंग काळ साधारण आठव्या ते अकराव्या शतकातला, त्यात ते बसतंय का आणि नेमकं कुठल्या गावात सापडलंय, एवढं तपासलं तरी पुरे.