पारध, शिकार आणि बाण : रानडुकराच्या प्रश्नामागचा इतिहास

२०२३ साली साताऱ्याच्या सतरा वर्षांच्या मुलीने बर्लिनमध्ये कंपाउंड, म्हणजे कप्प्यांच्या आधुनिक धनुष्यावर जागतिक विजेतेपद मिळवलं आणि सातारा-सांगलीत धनुष्य ही केवळ रामाच्या तसबिरीतली वस्तू राहिली नाही. तेव्हापासून बांधावर एक प्रश्न निघतो : भुईमूग, मका, उसाचे कोंब उकरणारं डुक्कर बाणाने मारलं तर काय बिघडलं? आवाज नाही, बंदूक नको.

जुन्या काळात फार शिरायला नको. वीरगळांवर धनुर्धर दिसतात, पण ते बहुधा लढाईतले. माणदेशात आणि कृष्णाकाठी जनावर धरलं जाई ते फासात, वाघरीत म्हणजे जाळ्यात, आणि हाका करून. फासेपारधी या नावातच त्यांचं साधन आहे. गुन्हेगार जमाती कायद्याने अशा जमातींच्या माथी जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, आणि त्याच काळात साहेबांचा व संस्थानिकांचा शिकारीचा शौक मात्र मर्दानी खेळ म्हणून मिरवला. हा दुजाभाव विसरून शिकारीच्या नीतीवर बोलताच येत नाही.

सगळा गुंता आहे तो शब्दात. ‘शिकार’ फारसीतून आला. ‘पारध’ संस्कृत ‘पापर्द्धि’वरून, प्राकृतातल्या ‘पारद्धि’मार्गे, म्हणजे शब्दाच्या पोटातच ‘पाप’ आहे. बोलताना आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यातली शिकारीची व्याख्या मात्र बोलीपेक्षा कितीतरी रुंद आहे. ठार मारणं तर त्यात येतंच. पकडणं, विष घालणं, फास लावणं, जखमी करणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं, हेही त्यात येतं. हत्यार कोणतं, हा प्रश्न या व्याख्येत नाहीच. बाण हुकला तरी कायद्याच्या नजरेत शिकार झालेली असते. ‘बंदूक नाही म्हणजे गुन्हा नाही’ हा गावोगावचा समज इथेच कोसळतो.

१९९१ पर्यंत परवाना काढून शिकार करता येई. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. उरलं ते कलम ११ : माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोका असेल, तर अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने. या चौकटीत राज्याने २०१५ मध्ये रोही (नीलगाय) आणि रानडुकरासाठी आदेश काढला, तोही ‘पारध’ हा शब्द वापरून. माझ्या मते हा शब्द चुकला. पीक वाचवण्याची नाइलाजाची तरतूद लोकांनी शिकारीची मोकळीक म्हणून वाचली. २०२२ च्या दुरुस्तीत उपद्रवी प्राण्यांची वेगळी अनुसूची, म्हणजे कायद्याला जोडलेली यादी, गेली आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आलं. लेखी आदेशाची अट कायम राहिली.

बाहेरच्या देशांत या वादाने दोन टोकं गाठली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये हरणांसाठी धनुष्याचा स्वतंत्र हंगाम सुरू केला. ब्रिटनने १९८१ च्या कायद्याने वन्यप्राण्यांवर धनुष्य चालवायलाच मनाई केली. मतभेदाचं मूळ जखमेत आहे. शिकारी बाणाचं पातं रक्तवाहिन्या कापतं, जनावर रक्तस्रावाने मरतं. फुप्फुसातून पातं आरपार गेलं तर काही सेकंदांत कोसळतं. पोटात बसलं तर तासन् तास तडफडतं. मेरीलँडमधल्या एका नाविक तळावरच्या नोंदींत बाण लागलेल्या हरणांपैकी १८ टक्के शिकाऱ्याच्या हाती आलीच नाहीत. नेमबाजी हा यावर पुरेसा उतारा नाही. स्पर्धेत पन्नास मीटरवरचं लक्ष्य हलत नाही. जनावराकडे सेकंदाला नव्वद मीटर वेगाने जाणाऱ्या बाणाआधी दोरीचा आवाज पोचतो आणि ते दचकून जागा बदलतं. म्हणून तिकडचे जाणते शिकारी वीस-तीस मीटरच्या पलीकडे सहसा बाण सोडत नाहीत, आणि सोडल्यावर अर्धा तास किंवा त्याहून जास्त थांबून रक्ताचा माग काढतात.

हा माग काढणं, हेच तिथल्या नीतीचं खरं अंग आहे, आणि आपल्याकडे नेमकं तेच बसत नाही. तिकडे मांस शिकाऱ्याचं असतं, म्हणून तो अंधारातही जनावर शोधतो. इथे परवानगीने मारलेलं जनावरही सरकारची मालमत्ता ठरतं. शिराळा, पाटणच्या डोंगराकडच्या शिवारात घायाळ डुक्कर चांदोली किंवा कोयनेच्या संरक्षित जंगलाच्या हद्दीत शिरलं, तर त्याच्या मागे परवानगीवाचून जाता येत नाही. आणि खाली सपाटीला आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. त्या दाटीत रक्ताचा थेंब दिसत नाही. तिथे दडलेल्या जखमी डुकराशी पहिली गाठ पडते ती कोयता घेऊन वाकलेल्या ऊसतोड बाईची.